ओनोमिचीच्या चढणीवरील गल्ल्या आणि तेथील मांजरे : प्रथमच जाणाऱ्यांसाठी

ओनोमिचीला मांजरे पाहायला जाणाऱ्याने आधी तेथील चढण समजून घ्यावी, कारण मांजरे आहेत ती त्या चढणीमुळे. हिरोशिमा प्रांताच्या पूर्व भागात, सेतो अंतर्गत समुद्राच्या काठी वसलेले हे जुने बंदर आहे. आसपासच्या जहागिरीचा तांदूळ जहाजांतून रवाना करण्याची मान्यता त्याला ११६९ मध्ये मिळाली आणि तेव्हापासून येथील व्यापार वाढत गेला. समोर मुकाइशिमा बेट, मध्ये अरुंद सामुद्रधुनी आणि पाठीशी डोंगर, अशा चिंचोळ्या पट्टीत गाव दाटीवाटीने उभे राहिले. १८९१ मध्ये लोहमार्ग आला तो नेमका डोंगर आणि बाजारपेठ यांच्या मधून. त्याच्या वाटेत येणारी घरे वर सरकली आणि पूर्वी मुख्यतः देवळांची असलेली डोंगराची बाजू हळूहळू घरांनी भरली. या घरांना जोडणाऱ्या वाटा म्हणजे दगडी पायऱ्या, वळणे आणि दोन माणसे समोरासमोर आली तर एकाने भिंतीला टेकून उभे राहावे एवढ्याच रुंदीचे बोळ.

दुसऱ्या महायुद्धातील मोठ्या बॉम्बवर्षावातून ओनोमिची वाचले, त्यामुळे ही रचना टिकली. पुढे १९५० च्या बांधकाम कायद्याने तिला वेगळ्या प्रकारे गोठवून ठेवले. या कायद्याप्रमाणे नवे घर बांधायचे असेल, तर जागेची किमान २ मीटर बाजू किमान ४ मीटर रुंदीच्या रस्त्याला लागून असावी लागते. चढणीवरील बहुतेक जागांना असा रस्ताच नाही. परिणामी जुने घर एकदा पाडले की तेथे नवे उभारता येत नाही आणि घरे रिकामी पडत जातात. २००७ मध्ये सुरू झालेल्या ‘ओनोमिची आकिया साइसेइ प्रोजेक्ट’ या संस्थेने अशी अनेक ओसाड घरे दुरुस्त करून तेथे नवी माणसे वसवली आहेत, परंतु रिकामी घरे अजूनही पुष्कळ आहेत. मोटारींचा वावर नाही, उन्हाला तोंड करून असलेले दगडी कट्टे आहेत, जोत्याखाली कोरडी जागा आहे, माणसांचा शेजार आहे, आणि खाली बंदरात मासळी आहे. मांजराला याहून अधिक काय हवे? हे कारण लक्षात ठेवून गल्लीत शिरलेल्या माणसाला मांजर कोठे असेल याचा अंदाज आपोआप येऊ लागतो, आणि एखाद्या दिवशी एकही मांजर दिसले नाही तरी त्याचा दिवस वाया जात नाही.

ऋतू आणि वेळ

मार्च, मे आणि ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबर हा काळ चालण्यासाठी उत्तम असतो. एप्रिलच्या सुरुवातीला डोंगरमाथ्यावरील सेनकोजी उद्यानातील चेरी फुलते, तेव्हा दृश्य अप्रतिम असले तरी गर्दी इतकी होते की लाजरी मांजरे वस्तीच्या आत निघून जातात. जूनपासून जुलैच्या मध्यापर्यंत पावसाळी दिवस असतात आणि झिजलेल्या पायऱ्या निसरड्या होतात. ऑगस्टचा दमट उकाडा कोकणातल्या मे महिन्याची आठवण करून देणारा असतो आणि त्या दिवसांत दुपारी मांजरे घरांच्या जोत्याखालून बाहेर येत नाहीत. हिवाळ्याबद्दल मात्र नवखे प्रवासी उगीच साशंक असतात. सेतो किनाऱ्यावरचा हिवाळा बराच कोरडा असतो, डोंगराची ही बाजू दक्षिणेकडे तोंड करून असल्यामुळे तेथे भरपूर ऊन पडते, आणि जानेवारीत सकाळी दहा ते दुपारी दोनच्या दरम्यान कट्ट्यांवर, छपरांवर, देवळांच्या पायऱ्यांवर मांजरे उन्हाला बसलेली आढळतात. इतर ऋतूंत सूर्योदयानंतरचे आणि सूर्यास्तापूर्वीचे दोन तास राखून ठेवावेत, कारण मांजर मुळात संधिप्रकाशात हिंडणारा प्राणी आहे.

पोहोचणे आणि सामान

तोक्यो किंवा ओसाकाहून येताना शिन्कान्सेनने (बुलेट ट्रेनने) फुकुयामाला उतरावे आणि तेथून जेआर (जपान रेल्वे) सान्यो मार्गाची साधी गाडी पकडावी. ती साधारण वीस मिनिटांत ओनोमिचीला पोहोचवते. शिन-ओनोमिची नावाचे शिन्कान्सेनचे स्वतंत्र स्थानकही आहे, परंतु तेथे मुख्यतः प्रत्येक स्थानकावर थांबणाऱ्या संथ कोदामा गाड्याच थांबतात आणि स्थानक गावापासून काही किलोमीटर आत असल्याने पुढे बस घ्यावी लागते. नकाशा पाहून अनेक जण ते निवडतात आणि वेळ घालवून बसतात, म्हणून फुकुयामाचाच मार्ग धरावा असे माझे मत आहे.

सामानाबाबत मी आग्रहाने सांगेन. चाकांची बॅग चढणीवर मुळीच नेऊ नये. ती पायऱ्यांवर ओढता येत नाही, तिचा आवाज शांत गल्लीत दूरवर जातो, आणि त्या आवाजाने मांजरे तर पळतातच, शिवाय घरातल्या माणसांनाही त्रास होतो. स्थानकातील लॉकरमध्ये सामान ठेवून पाठीवर छोटी पिशवी घ्यावी. तीत पाण्याची बाटली, कचऱ्यासाठी रिकामी पिशवी, सुटी नाणी आणि रुमाल असावा. वर विक्रीयंत्रे आणि कचरापेट्या जवळजवळ नाहीत, म्हणून पाणी खालीच घ्यावे आणि कचरा परत खाली आणावा. बुटांचा तळवा दगडावर घट्ट बसणारा असावा. पायऱ्यांची उंची एकसारखी नाही, आणि उतरताना गुडघ्यांवर येणारा ताण चढण्यापेक्षा अधिक असतो. ज्येष्ठ नागरिक सोबत असतील तर काठी जरूर घ्यावी.

वाट कशी धरावी

पहिल्यांदा जाणाऱ्याने वर रोपवेने जावे आणि चालत खाली उतरावे. स्थानकातून बाहेर पडून लोहमार्गाला समांतर असलेल्या होन्दोरी या छत असलेल्या बाजारपेठेत शिरावे. ही बाजारपेठ सुमारे १.२ किलोमीटर लांब आहे. तिच्यातून पूर्वेकडे चालत गेल्यावर नागाएगुची बसथांब्याच्या पुढे, रुळांच्या पलीकडे रोपवेचे पायथ्याचे स्थानक लागते. १९५७ पासून चालणारा हा रोपवे तीन मिनिटांत माथ्यावर नेतो आणि निघताच उशितोरा या शिंतो देवस्थानाच्या कापूरवृक्षांच्या शेंड्यांवरून जातो. हे वृक्ष सुमारे ९०० वर्षांचे मानले जातात. परतीच्या वाटेवर आपण याच झाडांखाली पोहोचणार आहोत, म्हणून वरून त्यांची जागा पाहून ठेवावी.

माथ्यावर उद्यान आणि उघड्या आकाशाखालची निरीक्षण-गच्ची आहे. तेथून सामुद्रधुनी, बेटे आणि पूल दिसतात. उद्यानातच नगरपालिकेचे कलासंग्रहालय आहे. त्याची आजची वास्तू वास्तुशिल्पी तादाओ आंदो यांच्या आराखड्यानुसार २००३ मध्ये पूर्ण झाली. केन-चान नावाचे काळे मांजर या संग्रहालयाच्या दारातून आत शिरण्याचा प्रयत्न करते आणि सुरक्षारक्षक ते नम्रपणे थोपवतो, ही दृश्ये २०१६ नंतर जगभर पाहिली गेली. सोमवारी संग्रहालय सहसा बंद असते, हे लक्षात ठेवावे.

उद्यानातून ‘साहित्याची पाऊलवाट’ खाली उतरते. या परिसरात राहून गेलेल्या किंवा येथे आलेल्या लेखक-कवींच्या ओळी कोरलेल्या २५ शिळा या वाटेवर आहेत. हायाशी फुमिको आणि शिगा नाओया ही त्यांतील दोन ठळक नावे. वाट सेनकोजी मंदिरापाशी पोहोचते. ८०६ मध्ये स्थापना झाल्याची परंपरा असलेले हे मंदिर खडकांना धरून उभे आहे आणि त्याच्या सज्जातून दिसणारे गाव पाहिले की पुढची सगळी वाट ध्यानात येते : खाली निळसर-करड्या कौलांचा उतार, मध्येच वर आलेला एक मनोरा, त्यापलीकडे रूळ आणि मग पाणी.

तो मनोरा तेन्नेइजी मंदिराचा. १३८८ मध्ये तो पाच मजली बांधला होता, पुढे वरचे मजले जीर्ण झाल्याने १६९२ मध्ये तीन मजली करण्यात आला. त्याच्या वरच्या अंगाने उतरताना छपराच्या कडा आणि मागे समुद्र एकत्र दिसतात, म्हणून छायाचित्र घ्यायचे तर येथेच. मनोऱ्यापासून उशितोरा देवस्थानाकडे जाणारा सुमारे २०० मीटरचा बोळ म्हणजे ‘नेको नो होसोमिची’, मांजरांची अरुंद वाट. कलावंत सोनोयामा शुन्जी यांनी १९९८ पासून येथे रंगवलेले दगड ठेवण्यास सुरुवात केली. हे गोल दगड सुमारे सहा महिने पाण्यात ठेवून त्यांतील खारटपणा काढला जातो, त्यावर रंगाचे तीन थर चढतात, आणि उशितोरा देवस्थानात विधी झाल्यावरच ते वाटेवर येतात. भिंतीच्या खोबणीत, पायरीच्या कोपऱ्यात, छपराच्या काठावर, नेच्यांच्या झुडपाआड ते बसलेले असतात. काहींचे रंग पावसाने विटले आहेत, काहींच्या पाठीवर शेवाळ आले आहे. ते हलवू किंवा उचलू नयेत. लहान मुले सोबत असतील तर त्यांना हे दगड मोजायला सांगावे. मुले त्यात रमतात, आवाज आपोआप कमी होतो आणि जिवंत मांजरांना उसंत मिळते.

२०० मीटरच्या या बोळाला किमान एक तास द्यावा. बहुतेक प्रवासी तो दहा मिनिटांत संपवतात आणि मांजरे दिसली नाहीत अशी तक्रार करतात. माझा अनुभव असा, की एका वळणावर, वाट न अडवता, दहा-पंधरा मिनिटे शांत बसले की गल्ली पुन्हा आपल्या नित्यक्रमाला लागते आणि मघाशी रिकामा वाटलेला कट्टा भरलेला दिसतो. नजर नेहमी तीन पातळ्यांवर फिरवावी : पायाशी जोत्याच्या फटीत, कमरेच्या उंचीवर कट्ट्यांवर आणि कुंड्यांमध्ये, आणि डोक्याच्या वर कौलांवर. नवखा माणूस डोळ्यांच्या उंचीवर शोधत राहतो, आणि तेथे मांजर क्वचितच असते.

मांजरांशी कसे वागावे

मांजर दिसले की थांबावे, खाली बसावे आणि शरीर थोडे तिरके ठेवावे. सरळ डोळ्यांत रोखून पाहिलेले मांजरांना आवडत नाही. डोळे अर्धवट मिटून सावकाश उघडावेत. ससेक्स विद्यापीठातील संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे आढळले होते, की माणसाने अशी संथ उघडझाप केल्यावर मांजरेही तशीच प्रतिक्रिया देतात आणि अनोळखी माणसाकडे येण्यास अधिक तयार होतात. मांजर स्वतःहून आले तर बोटाचे टोक त्याच्या नाकाच्या पातळीवर धरावे आणि वास घेऊ द्यावा. गालाकडून हात फिरवावा, पोटाला हात लावू नये, आणि उचलून तर कधीच घेऊ नये. शेपटीचे टोक जोराने हलू लागले किंवा कान मागे गेले की आपला हात मागे घ्यावा.

जवळून पाहताना कानाकडे लक्ष द्यावे. अनेक मांजरांच्या एका कानाचे टोक चेरीच्या पाकळीसारखे छोट्या खाचेत कापलेले दिसते. ही जखम नसून निर्बीजीकरण झाल्याची खूण आहे. भूल दिलेली असतानाच ती करतात, आणि सर्वसाधारणपणे नराच्या उजव्या व मादीच्या डाव्या कानाला करतात. अशा मांजरांना ‘साकुरा-नेको’ म्हणतात. पकडणे, शस्त्रक्रिया करणे, पुन्हा त्याच गल्लीत सोडणे, आणि नंतर ठरलेल्या वेळी खाऊ घालून जागा स्वच्छ ठेवणे, हे काम वस्तीतील माणसे आणि स्वयंसेवक करतात. म्हणूनच प्रवाशाने काहीही खायला घालू नये. आपण टाकलेल्या एका बिस्किटाने ठरलेले वेळापत्रक मोडते, उरलेल्या अन्नावर कावळे येतात, आणि मांजरांचा आधीच त्रास वाटणाऱ्या शेजाऱ्याच्या तक्रारीला नवे कारण मिळते. त्या तक्रारीचा भार शेवटी मांजरांची काळजी घेणाऱ्यांनाच सोसावा लागतो. मांजराच्या चित्रासह लावलेल्या पाट्या बहुधा हेच सांगतात.

काही घरांच्या भिंतीलगत पाण्याने भरलेल्या प्लॅस्टिकच्या बाटल्या ओळीने ठेवलेल्या दिसतील. प्रकाश परावर्तित होऊन मांजरे दूर राहतात, या समजुतीने त्या ठेवतात. मांजरे त्यांच्या शेजारीच निवांत झोपलेली आढळतात हे खरे, पण त्या बाटल्यांतून घरमालकाची इच्छा कळते. त्या दारापाशी रेंगाळू नये आणि तेथील मांजराला हाकही मारू नये.

शेपटीही पाहण्याजोगी असते. आखूड, गाठाळ किंवा टोकाशी वाकलेली शेपटी पाहून अपघाताची शंका येते, परंतु जपानी मांजरांत हे जन्मजात वैशिष्ट्य सर्रास आढळते. पांढरा, काळा आणि नारिंगी असे तीन रंग असलेल्या मांजराला ‘मिके’ म्हणतात. नारिंगी रंगाचे जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने अशी मांजरे जवळजवळ नेहमी माद्या असतात. तपकिरी पट्ट्यांचे ते ‘किजितोरा’, नारिंगी पट्ट्यांचे ‘चातोरा’. हे दोन-तीन शब्द बोलता आले की दाराशी झाडलोट करणाऱ्या आजींशी संवाद सुरू होतो, आणि त्या मांजराचे नाव, त्याची आई कोण, ते कोणत्या घरी दुपारी झोपते, हे सारे हातवाऱ्यांनी कळते.

चावा किंवा ओरखडा झाल्यास काय करावे, हेही माहीत असावे. जपानमध्ये १९५७ नंतर प्राण्यांतील रेबीजची स्थानिक लागण नोंदली गेलेली नाही, म्हणून भारतात असते ती धास्ती येथे नाही. परंतु मांजराच्या दातांमुळे खोलवर जंतुसंसर्ग होतो, आणि पश्चिम जपानमध्ये गोचिडीतून पसरणारा एसएफटीएस हा गंभीर विषाणूजन्य ताप आजारी मांजरांकडून माणसांना झाल्याची उदाहरणे आहेत. जखम वाहत्या पाण्याने आणि साबणाने भरपूर धुवावी, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी, आणि मलूल, नाक-डोळे गळणाऱ्या मांजराला मुळीच हात लावू नये.

ज्यांच्या दारावरून आपण जातो

चढणीवरील वाट आणि अंगण यांत सीमा अशी फारशी नसते. पायऱ्या अचानक कोणाच्या स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी संपतात. अशा वेळी निमूटपणे मागे फिरावे. ‘कोन्निचिवा’ म्हणून मान लववली की बहुतेक माणसे हसून उत्तर देतात. येथे गॅसच्या टाक्या, किराणा, फर्निचर, सगळे माणसांनीच वाहून वर न्यावे लागते. ओझे घेऊन चढणारा माणूस दिसला की आपण खाली किंवा वर रुंद जागी सरकून उभे राहावे. घराच्या नावाच्या पाट्या, वाळत घातलेले कपडे, खिडकीतून दिसणारी माणसे छायाचित्रात येऊ देऊ नयेत. मांजराचे चित्र काढताना फ्लॅश बंद ठेवावा, आणि एखाद्या घराशी कायम राहणाऱ्या मांजराचे छायाचित्र समाजमाध्यमांवर टाकताना नेमका ठिकाणा लिहू नये. मांजरे चोरली जाण्याची आणि त्यांना इजा केली जाण्याची भीती जपानमध्येही आहे. प्राण्याला ठार मारण्याबद्दल किंवा जखमी करण्याबद्दल २०२० पासून पाच वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. सूर्य मावळल्यावर चढणीवर हिंडू नये, कारण दिवे थोडे आहेत आणि ती घरच्यांची वेळ आहे.

खाणे

ओनोमिची रामेन (रश्श्यातील शेवया) प्रसिद्ध आहे, परंतु सोया सॉस, लहान मासळीचा अर्क आणि डुकराच्या चरबीचे तुकडे हा तिचा गाभा असल्याने शाकाहारी माणसाला ती चालणार नाही. माशांचा अर्क इतर साध्या दिसणाऱ्या पदार्थांतही असतो. शाकाहाऱ्यांनी बेकरीतील पाव, फळे आणि घरून आणलेला कोरडा खाऊ यांवर भागवावे. हिवाळ्यात जवळच्या बेटांवरील संत्री आणि लिंबे बाजारपेठेत उत्तम मिळतात. मासे खाणाऱ्यांची मात्र चैन आहे. हातगाडीवर ताजी छोटी मासळी विकणाऱ्या बायकांना येथे ‘बान्योरी-सान’ म्हणतात. त्यांची संख्या आता फार घटली आहे, तरी एखादी गाडी रस्त्यालगत दिसली तर जरूर थांबावे. आपल्या कोळणींप्रमाणे त्याही बोलता बोलता मासा साफ करून देतात, आणि गाडीच्या चाकाशी एखादे मांजर धीराने बसलेले असते.

दुसरा दिवस मिळाल्यास

पूर्वेकडील बाजू निवांत आहे आणि मला ती अधिक आवडते. साइकोकुजी मंदिराच्या प्रवेशद्वारावर टांगलेली, माणसापेक्षाही लांब गवती पादत्राणे पाहून जुन्या वस्तीतून जोदोजी मंदिरापर्यंत चालत जावे. जोदोजीचे मुख्य मंदिर १३२७ मध्ये आणि शेजारचा मनोरा १३२८ मध्ये पुन्हा बांधला गेला, आणि दोन्ही राष्ट्रीय संपदा आहेत. या भागात प्रवासी कमी, त्यामुळे मांजरे माणसांना कमी सरावलेली असतात आणि लांबूनच पाहावी लागतात. दुर्बीण असेल तर तिचा येथे उपयोग होतो. पाऊस आला तर होन्दोरीच्या छताखाली परतावे. पावसाच्या दिवशी चढणीवरची वाट धरण्यात काहीच अर्थ नाही, कारण मांजरे आडोशाला असतात. संध्याकाळी बंदरावरून मुकाइशिमाची फेरीबोट घ्यावी. काही मिनिटांच्या त्या प्रवासात बोटीच्या मागच्या बाजूला उभे राहिल्यास आदल्या दिवशी उतरलेली संपूर्ण चढण एका नजरेत दिसते. भाडे बोटीवरच रोख घेतले जाते, म्हणून सुटी नाणी आधीच काढून ठेवावीत.